टेकला की थांबायचं

आमच्या मैदानावर एकच रोग आहे आणि त्याचा डॉक्टर मी आहे. रोगाचं नाव, "अजून एक पीळ".

रिमोटवर पळणाऱ्या हातभर लांबीच्या गाड्या असतात ना, त्यांचे बहुतेक भाग प्लास्टिकचे. स्क्रू आत जाता जाता स्वतःच प्लास्टिकमध्ये आपले आटे पाडत जातो. त्याचं डोकं टेकलं की काम झालं. पण माणसाचं समाधान होईल तर शपथ! "असू दे, अजून एक पीळ देऊ," म्हणतो, आणि कच्चकन आतले आटे जातात. मग तो स्क्रू भोकात नुसता गरगर फिरतो, धरत काहीच नाही. अति तिथे माती. मग तोंड पाडून येतात माझ्याकडे. "आटेकाका, बघा ना काय झालंय."

काय झालंय ते मला आंधळ्यानंही सांगितलं असतं. मी आधी पाच मिनिटं यथेच्छ बोलतो. तो माझा हक्क आहे, आणि औषधाचा अर्धा भागही. मग बघतो. भोक खोल असेल आणि तळाशी कोरं प्लास्टिक शिल्लक असेल तर लांब स्क्रू. भोवतीची भिंत जाड असेल तर किंचित जाड स्क्रू. दोन्ही नसेल तर तारा बांधायची नायलॉनची पट्टी घ्यायची, तिची ब्लेडनं पातळ साल काढायची, ती भोकात उभी सरकवायची, गोंदाचा थेंब सोडायचा, आणि वाळल्यावर त्यात स्क्रू नव्यानं बसवायचा. तो पुन्हा आटे पाडतो, पुन्हा धरतो. एवढंच. यात जादू काही नाही, घाई न करणं आहे. आणि शेवटी प्रत्येकाला माझं एकच वाक्य ऐकावं लागतं, "टेकला की थांबायचं!"

हे कळतं कशावरून? हातावरून. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या मी. खालची माणसं वर सुखरूप पोचायची ती माझ्या हाताच्या भरवशावर. बोल्ट कुठे थांबला हे डोळ्याला दिसत नाही, कानाला नेहमी ऐकू येत नाही, हाताला मात्र कळतं. नोकरी संपल्यावर लोक पेपर वाचतात, मी ठकीला आणलं. ठकी म्हणजे माझी गाडी. लाल टप, काळा सांगाडा, उडी मारली की चारही चाकांवर मांजरासारखी उतरते. आणि मैदानावर मी छाती पुढे काढून सांगायचो, की अख्ख्या जगाचे आटे जातील, माझ्या ठकीचं एकही भोक कधी गेलेलं नाही.

उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणून तर हे सगळं झालं.

त्याचं असं झालं, की मागच्या स्पर्धेत ठकीचं मागचं चाक निघालं. नुसतं निघालं नाही, तर सगळ्यांच्या देखत ऐटीत पळत गेलं आणि वेळ मोजणाऱ्या बाईंच्या खुर्चीखाली जाऊन बसलं. चूक पिनेची होती. पिन तुटली होती, तुटलेले दोन्ही तुकडे मी प्रत्येकाच्या नाकासमोर धरले. पण घरच्यांनी पाहिलं ते पळणारं चाक. आणि त्याच आठवड्यात माझ्या हातून कप पडला. अहो, कान तुटलेला कप, काठोकाठ उकळता चहा, कोणाच्याही हातून पडला असता! पण आमच्या घरात त्या दोन गोष्टींची बेरीज झाली. उत्तर आलं, बाबांचे हात गेले.

तोंडावर कोणी बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो. बायको माझा कप अर्धाच भरायला लागली. सूनबाई चष्म्याच्या दुकानात काम करते, तिची नजर बारीक, ती जेवताना माझ्या बोटांकडे बघायची. चिरंजीव तर मी साधा बल्ब बदलायला स्टुलावर चढलो तरी खाली येऊन उभे. "बाबा, मी करू का?" त्याला बल्ब कुठल्या बाजूनं फिरवतात हे मी शिकवलंय!

आणि मग खरंच भोकं जायला लागली.

पहिलं गेलं पुढच्या चाकाच्या दांडीचं. मी तो स्क्रू स्वतः बसवला होता, टेकल्यावर थांबलो होतो. काही दिवसांनी उघडायला घेतला तर गरगर. म्हटलं, प्लास्टिक जुनं झालं असेल. पट्टीची साल घातली, पुन्हा बसवला. मग गिअरच्या डबीच्या झाकणाचं गेलं. मग बॅटरीच्या ट्रेचं. मग पुन्हा त्याच दांडीचं, मी दुरुस्त केलेलं! माझी दुरुस्ती आजवर कधी परत आली नव्हती.

मला भीती वाटली. सरळ सांगतो, भीती वाटली. स्क्रू टेकल्याचं मला कळेनासं झालंय, मी नकळत पुढचा पीळ देतोय, दुसरं काय असणार? गॅलरीतल्या माझ्या टेबलाशी बसून दोन्ही हात समोर धरून बघितले. थरथरत नव्हते. सुईत दोरा ओवून बघितला. गेला की पहिल्या झटक्यात. पण मीच मला म्हणालो, ते डोळ्यांचं काम, हाताचं नाही. माणूस एकदा घाबरला की स्वतःच्या बाजूनं साक्षही देत नाही. आपला हात जगन्नाथ म्हणतात. तोच गेला तर माझ्याजवळ उरलं काय? नुसती जीभ. ती तर घरात कोणालाच नकोय.

पोस्टमनला सांगितलं. पोस्टमन माझा मित्र, टपाल वाटणं सोडून वर्षं झाली तरी त्याचं नाव तेच राहिलं. शर्यतीत तो माझा पक्का वैरी. म्हटलं, "येत्या रविवारी शेवटची शर्यत. मग ठकी बंद, दुरुस्त्या बंद. माझी हत्यारांची पेटी तू घेऊन जा."

"ती लांब स्क्रूड्रायव्हरवाली?"

"तीच."

"वा! किती वर्षं डोळा होता माझा त्याच्यावर," तो म्हणाला. मग थोडा वेळ त्यानं मिशी ओढली. "लेका, डॉक्टरला दाखवलेस का रे हात?"

"मीच डॉक्टर आहे," मी म्हणालो. त्यावर तो हसला नाही. नेहमी हसतो.

शनिवारी दुपारी मी ठकी पूर्ण उघडली. शेवटची शर्यत तरी धड व्हावी. गेलेली सगळी भोकं भरली, गोंद वाळू दिला, एकेक स्क्रू बसवला. प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवला. हे लोकांना माहीत नसतं. आधी डावीकडे फिरवत राहायचं, कुठेतरी तो टिक्‌ करून आपल्या जुन्या आट्यात उतरतो, मग उजवीकडे. नाहीतर तो जुन्या आट्यांवर नवे आटे पाडतो आणि दोन्ही जातात. ते टिक्‌ मला प्रत्येक वेळी लागलं. टेकल्याचंही लागलं, असं वाटलं. पण आता वाटण्यावर विश्वास उरला नव्हता.

शेवटी एक जुनी सवय आठवली. लिफ्टच्या कामात बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. पुढच्या खेपेला नुसतं बघितलं तरी कळतं, बोल्ट जागचा हललाय की नाही. म्हटलं, धक्क्यांनी स्क्रू सैल होत असतील आणि मग भोकं झिजत असतील, निदान तेवढं तरी कळेल. घरात रंग नव्हता. शेवटच्या शर्यतीसाठी हवी, एवढंच सांगून सूनबाईकडून लाल नेलपॉलिश मागितली.

"बाबा, तुम्हाला गुलाबी जास्त शोभेल," ती म्हणाली.

"दे मुकाट्यानं."

सुईच्या टोकानं प्रत्येक स्क्रूवर बारीक रेघ ओढली. डोक्यावरून प्लास्टिकवर, सरळ. ठकीवर फडकं टाकलं आणि पाय मोकळे करायला बाहेर पडलो. पेटी पोस्टमनला द्यायची म्हणून पुसून दाराशी ठेवली होती, तिच्याकडे बघितलं नाही.

रविवारी सकाळी फडकं काढलं आणि बघतच राहिलो.

एकही रेघ सरळ नव्हती. प्रत्येक रेघ मधोमध तुटलेली, प्लास्टिकवरचा तुकडा जागच्या जागी आणि डोक्यावरचा तुकडा सरकलेला. आणि सरकलेला कुठे? उजवीकडे! आता मला सांगा, स्क्रू आपोआप हलला तर सैल होईल, म्हणजे डावीकडे जाईल. टेबलावर पडल्यापडल्या स्वतःहून घट्ट झालेला स्क्रू अजून कुठल्या कारखान्यात निघालेला नाही. दांडीवरचा स्क्रू तर इतका फिरवला होता, की बोटानं हलवला तर गरगर. गेलं होतं ते भोक, तिसऱ्यांदा.

म्हणजे मी नव्हे. कोणीतरी दुसरं.

मी दोन्ही हात तोंडासमोर धरले आणि त्यांच्याकडे बघून हसलो. एकटाच, गॅलरीत, वेड्यासारखा. खालून दूधवाला वर बघत होता, बघू दे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी इकडे हातांचं सुतक धरून बसलोय आणि चोर घरात. आनंद ओसरला आणि मग मला जो राग आला म्हणता!

सगळे चहाला बसले होते. मी ठकीला आणून बशांच्या मधोमध ठेवली.

"काल संध्याकाळपासून हिला कोणी हात लावला?"

चिरंजीव आईकडे बघायला लागले. आई बिस्किटांकडे. सूनबाईला भिंतीवर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. चोराच्या मनात चांदणं, पण इथे तर तिघांच्या मनात लख्ख पडलेलं दिसत होतं.

"नेलपॉलिशच्या रेघा आहेत," मी म्हणालो. "मला सगळं दिसतंय."

"त्या त्यासाठी होत्या?" सूनबाई म्हणाली. "मला वाटलं, शेवटची शर्यत म्हणून नटवलंय तिला." आणि जीभ चावली.

"तू?"

"एकच छोटा पीळ, बाबा. दुकानातल्या बारीक स्क्रूड्रायव्हरनं. आम्ही चष्म्याची काडी बसवतो ना, तेवढाच."

"चष्म्याचा स्क्रू धातूत जातो! हे प्लास्टिक आहे!"

"तू पण केलंस?" चिरंजीव तिला म्हणाले.

मी वळलो. "पण म्हणजे?"

"मी आपलं... बॅटरीच्या मशीननं... अगदी हलकं, बाबा. टर्र, एवढंच."

"टर्र? माझ्या ठकीला टर्र? अरे, त्या मशीननं कपाटं जोडतात!"

"तरीच म्हटलं," बायको पुटपुटली, "मी फिरवायला गेले तर तो दांडीचा कसा काय फिरतच राहिला."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती शिवणाच्या मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर पदराखाली लपवत होती. आता मला सांगा, इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्यापासून लपवलेली ही पहिली वस्तू, आणि ती स्क्रूड्रायव्हर निघावी!

तिघांनी, एकमेकांच्या नकळत, प्रत्येक वेळी. मी टेकल्यावर थांबायचो. मग सूनबाई येऊन एक पीळ द्यायची, मग चिरंजीवांचं टर्र, मग बायको. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकटेच करतोय आणि अगदी थोडंसंच करतोय.

"पण का?" मी ओरडलो.

"तुमचं चाक पुन्हा सगळ्यांसमोर निघू नये म्हणून," सूनबाई हळू आवाजात म्हणाली. "त्या दिवशी घरी आल्यावर तुम्ही जेवला नाहीत."

यावर माझा राग थोडा घसरला. पण थोडाच. "मग मला विचारायचं! सरळ विचारायचं, की बाबा, हात बरे आहेत का? मी इथे आठवडेच्या आठवडे मरतोय, मला वाटतंय माझं सगळं संपलं, पेटी दाराशी नेऊन ठेवलीय, आणि तुम्ही गुपचूप माझ्या मागून येऊन एकेक पीळ देताय? माझ्या कामावर एवढा अविश्वास?"

"अहो," बायको म्हणाली. तिनं कप खाली ठेवला. ती कप खाली ठेवते तेव्हा मी सावध व्हायला हवं होतं. "स्वयंपाकघरातला नळ मी बंद केला की मागून येऊन तो पुन्हा कोण पिळतं?"

"ते वेगळं."

"दाराला मी कडी घातली की उठून ओढून कोण बघतं? गॅसचं बटण? माझी पिशवी? मी गाठ मारायची आणि तुम्ही सोडून परत मारायची. बरण्यांची झाकणं तुम्ही अशी आवळता, की मला शेजारणीला हाक मारावी लागते. नळाचे किती वायसर बदलले आजवर? कोणी घालवले ते? मी कधी म्हटलं, माझ्या कामावर अविश्वास?"

"बाबा, माझ्या हेल्मेटचा पट्टा," चिरंजीव म्हणाले. "अजूनही."

"माझ्या सायकलची हवा," सूनबाई म्हणाली. "रोज सकाळी दाबून बघता. मी बघितल्यावर."

मी खुर्चीत बसलो. चहा पिऊन टाकला, गार होता. मैदानभर लोकांना औषध वाटत फिरलो आणि रोग माझ्याच घरातून निघत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. माझ्या मागून यायला या तिघांना शिकवलं कोणी? मीच.

"पण हात चांगले आहेत माझे," मी शेवटी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

"आहेत हो," बायको म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. लगेच तिनं ते पुसले. "आता शर्यतीला किती वेळ आहे?"

वेळ थोडा होता. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि चौघं बसलो. चिरंजीवांच्या मशीनला मी कपाटाच्या माथ्यावर चढवलं. एका जुन्या मोडक्या दांडीवर प्रत्येकाकडून मुद्दाम एकेक भोक घालवून घेतलं. घालवल्याशिवाय कळत नाही. सूनबाईचं गेलं तेव्हा ती किंचाळली, "अय्या, कळलं! जाण्याआधी मऊ लागतं!" मी म्हटलं, शाबास, त्या मऊच्या आधी थांबायचं. चिरंजीवांना ते मऊ कधीच लागलं नाही. ते हिशेबाच्या कामाला बरे आहेत.

मग ठकी. दांडीचं भोक भरलं, गोंद वाळायची वाट बघितली. तेवढा एकच स्क्रू राहिला होता, पुढच्या चाकाचा. म्हणजे तो निघाला तर चाक गेलंच. मी पेटीतला लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, आणि काय वाटलं कोणास ठाऊक, बायकोच्या हातात दिला.

"मी?" ती म्हणाली.

"आधी डावीकडे. टिक्‌ लागेपर्यंत."

तिनं फिरवलं. ओठ आवळून, शिवताना आवळते तसे. "लागलं," ती म्हणाली. मग उजवीकडे, सावकाश. स्क्रूचं डोकं खाली येत येत प्लास्टिकला टेकलं आणि ती थांबली. माझ्याकडे बघायला लागली.

आता माझी कसोटी. टेकला होता का नीट? डोळ्याला कळत नाही, सांगितलं ना मी! माझा हात आपोआप पुढे गेला. एकदाच बोट लावून बघू. नुसतं बघायला. पीळ नाही द्यायचा. पण मी स्वतःला चांगला ओळखतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी दोन्ही हात खिशात घातले आणि म्हणालो, "चला, उशीर होतोय."

स्क्रूड्रायव्हर मात्र तिनं परत दिला नाही, आपल्या पिशवीत टाकला.

मैदानावर पोस्टमन रिकामी पिशवी घेऊन आला होता. मोठी, दोन बंदांची. "पेटी कुठाय?" त्यानं आल्या आल्या विचारलं.

"आधी शर्यत," मी म्हणालो.

शर्यत सुरू झाली आणि माझं लक्ष रस्त्यावर नव्हतंच, त्या एका चाकावर होतं. पहिल्या उडीला बायकोनं डोळे झाकले. ठकी उतरली, चारही चाकांवर. टायर रचलेल्या वळणावर कोणाची तरी गाडी तिच्या नेमक्या त्याच चाकावर येऊन आदळली. सूनबाई ओरडली, "धरलं, बाबा, धरलं!" शेवटच्या उडीला बायको डोळे उघडे ठेवून उभी होती, आणि तिला मी आजवर कधी ऐकलं नव्हतं अशी शिट्टी वाजवत होती.

पोस्टमन माझ्यापुढे एका गाडीच्या लांबीनं गेला. म्हणजे मी हरलो. हरलो म्हणून मला इतका आनंद झालेला मैदानावर कोणी पाहिला नसेल. पळत जाऊन ठकीला उलटं केलं. रेघ नव्हती ओढलेली, पण गरजही नव्हती. चाक जागच्या जागी होतं.

"आता पेटी," पोस्टमन पिशवी पसरून म्हणाला.

"कसली पेटी?"

"अरे, म्हणजे? हात..."

मी दोन्ही हात त्याच्या तोंडासमोर नाचवले. तो बघत राहिला, मग असा हसला, की मिशी कानापर्यंत गेली. "तरी तो लांब स्क्रूड्रायव्हर दे," म्हणाला.

"तो हिच्या पिशवीत आहे. तिच्याकडे माग, हिंमत असेल तर."

त्यानं तिच्याकडे बघितलं आणि पिशवीची घडी घातली.

संध्याकाळी घरी आलो. मी गॅलरीत ठकीची धूळ झाडत होतो. आत बायकोनं भांडी घासली, नळ बंद केला. आणि मला ऐकू आलं. टप्‌. थोड्या वेळानं पुन्हा, टप्‌.

मी अर्धा उठलो. मग बसलो. ब्रशनं तेच चाक पुन्हा झाडलं. टप्‌. आयुष्यात एवढं अवघड काम मी केलेलं नाही.

"ऐकू येतंय ना?" ती आतून म्हणाली.

"काय?"

"नळ."

"नाही बुवा."

ती हात पुसत बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "मी नीटच बंद केलाय," ती म्हणाली. "वायसर गेलाय. उद्या बदलून टाका. तुम्हीच बदला, तुमचे हात चांगले आहेत."

मग तिनं चहा आणला. कप काठोकाठ भरलेला होता.